कोराडीच्या चिमणीचा दीपस्तंभ

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला. आम्ही तिथल्या कॉलनीतच वाढलो. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा तर तो समुद्रातलाच, हा माझा हट्ट. समुद्र राखेचा, कारण राखेला तिथं काय तोटा! मधे मातीचा तट, आणि तटाच्या डोक्यावर दीपस्तंभ. तो कसा असतो विचारलं, तर बाबांनी सरळ चिमणीकडे बोट दाखवलं.

"अस्साच असते. लाल-पांढरे पट्टे, वरतं लाइट. रिटायर झालो का तुलेच पहिले नेतो पाहाले."

हे मी जन्मभर धरून बसले, हो! बाबा रिटायर होऊन हुडकेश्वरला भावाकडे राहायला गेले, मी लग्न होऊन कोराडीतच राहिले. तरी दर दिवाळीत पिशवीभर राख घेऊन जायची आणि त्यांच्या अंगणात किल्ला करायची. लोक हसायचे. हसू देत.

मागच्या उन्हाळ्यात भावानं मोठी गाडी केली, बाबांनाही सोबत घेतलं. "कुलदेवीले चाललो," म्हणाला. लग्न झालेल्या लेकीची कुलदेवी सासरची, म्हणून मला का नेत नाही असं मी विचारलंसुद्धा नाही. उलट धावत जाऊन खण-नारळ आणला आणि "माझ्याकडून ओटी भर वं" म्हणून वहिनीच्या हातात दिला. तिनं तो पिशवीत ठेवला.

या दिवाळीत दीपस्तंभाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर मी लाल पट्टे रंगवत होते. बाबा खुर्चीवर बसून बघत होते.

"अवं, तो किल्ल्यात नाही राहत. समोरच्या टेकडीवर राहते. अन् पट्टे-बिट्टे काही नाही, पांढराफक असते. बुटका."

"तुम्हाले काय माहीत, बाबा?"

बाबा चष्मा पुसायला लागले. वहिनी उठून आत गेली. शेवटी भाऊच बोलला, "ताई, उन्हाळ्यात समुद्रावर गेलो होतो, पण गाडीत जागा नव्हती. हिचे आईबाबा होते ना संगं."

"म्हणून देवीचं नाव घेतलं?" मी ओरडलेच. "खरं सांगितलं असतं तर मी काय टपावर चढून बसणार होती?"

भावाचं सोडा, तो पहिल्यापासून तसलाच. पण बाबांनी? ज्या माणसानं शब्द दिला त्यानंच केसानं गळा कापला. असा राग आला की रडूही येईना.

"माझी ओटी कुठं टाकली?"

"टाकली काहून वं," बाबा खाली बघत म्हणाले. "किल्ल्याच्या तटावरून समुद्रात सोडली, तुह्या नावानं. समुद्र बी देवच असते."

"खण पोचला, नारळ पोचला. तुमची लेकच तेवढी राहिली, बाबा," मी म्हटलं, आणि पट्ट्यांचा दीपस्तंभ होता तसा तटाच्या डोक्यावरच रोवला.