कणगीतलं पुस्तक

काकांचा जन्म खलाशी म्हणून बोटीवर गेला. सत्तरीत गावी, शेणव्याला परतले, तरी पुन्हा निघायची बॅग रोज भरत. खलाशाच्या पुस्तकाशिवाय बोटीवर कोणी घेत नाही, म्हणून काकीच्या सांगण्यावरून मी ते भाताच्या कणगीत लपवलं.

एका दुपारी काकांनी माझी मान धरून मला भिंतीवर आपटलं.

"पुस्तक कुठं हाय रे?"

माझं शौर्य दुसऱ्या आपटीला संपलं. मी कणगीकडे बोट दाखवलं.

काकांनी कोयत्याने कणगी उभी फाडली. भात भसाभसा सांडला. पुस्तक निघालं, पण उंदरांनी कुरतडलेलं.

"आता तरी गप घरात बसा," काकी ओरडली.

"बोटीवर उंदीर नसतात काय गो? नवीन काढतो," म्हणत त्यांनी कोयता खांबात रुतवला.

नाकाचं रक्त पुसत मीच त्यांची बॅग रस्त्यापर्यंत नेली.