चारास एक

बुधरीच्या हाकेला गुड्यातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची, मग पोरांची काय बिशाद! जिवतीच्या डोंगरावर, जंगलाला चिकटून तिचा हा गुडा, म्हणजे पाच-सात घरांची वाडी. शाळा मात्र खाली, मोठ्या वस्तीत. मध्ये दगडगोट्यांची उतरण आणि एक नाला. बुधरी रोज सकाळी दारोदार हाका मारी, कुणाचं नाक पुसे, कुणाच्या मुठीत भाजलेल्या शेंगा कोंबे आणि सगळ्यांना पुढे घालून शाळेच्या फाटकाशी आणून सोडे. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कुणी काही देतही नव्हतं. ती स्वतः चौथीतच घरी बसलेली. त्याची चुटपुट तिला जन्मभर पुरली होती, आता ती पोरांच्या वाट्याला येऊ द्यायची नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

शाळेची एक जुनी रीत होती. ज्या वस्तीची जास्त पोरं नेमानं शाळेत येतील, तिथलं पोर सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत झेंडा धरणार आणि फेरीही तिथूनच निघणार. ऐकायला किती छान! पण झेंडा दरसाल मोठ्या वस्तीकडेच. यंदाही डिसेंबर सरताना फळ्यावर आकडे लागले: मोठी वस्ती चोवीस, गुडा आठ.

बुधरीची लेक दीपाली पाचवीत होती. शाळा पाचवीपर्यंतच, म्हणजे झेंडा धरायची तिची ही शेवटची संधी. तिनं घरी येऊन दप्तर कोपऱ्यात भिरकावलं.

"उद्यापासून मी नाई जात. कोनीच नाई जात. किती बी गेलं तरी आपन हारतोच. मंग काऊन जायचं?"

दुसऱ्या दिवशी बुधरीनं हाका मारल्या. कुत्री उठली, पोरं उठली नाहीत. झेंडा गेला असता तर तिनं सोसलं असतं. पण घरी बसलेलं पोर पुन्हा शाळेत जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती एकटीच तरातरा उतरण उतरली आणि थेट मयुरी मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम सावली तालुक्यातून यंदाच बदलून आलेल्या, अजून डोंगरातल्या थंडीलाच सरावत होत्या.

"मॅडम, आमच्या गुड्यात पोट्टेच दहा. दहाचे चोवीस कुठून आनू? झाडाले लागते काय?"

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खरं आहे तुमचं. ही रीत मीही न तपासता तशीच चालवली. उद्या पटावरची सगळी पोरं आणा, बुधरीबाई. येत नाहीत ती पण. मोठ्या वस्तीच्या नानाजीभाऊंनाही तेच सांगते."

गुड्यातली न येणारी दोघं शेळ्या राखायची. शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या? बुधरीनं त्यांनाही बरोबर घेतलं! मोठ्या वस्तीची चाळीस पोरं घेऊन शाळा समितीचे अध्यक्ष नानाजी मिशीला पीळ देत आले. मैदानात शेळ्या पाहून म्हणाले, "बुधरीबाई, या शेळ्यायचं बी नाव पटावर हाय का?"

सगळे हसले. बुधरीही हसली, पण पदर तिनं घट्ट खोचला होता.

मॅडमनी पोरांना पाच-पाचच्या रांगांत उभं केलं. मोठ्या वस्तीच्या आठ रांगा झाल्या, गुड्याच्या दोनच. नेमानं येणारी पोरं त्यांनी सगळ्या रांगांत सारखी वाटून उभी केली, न येणारीही तशीच.

"आता जे नेमानं येत नाहीत, त्यांनी खाली बसा."

मोठ्या वस्तीच्या रांगेत तीन उभे, दोन बसलेले. गुड्याच्या रांगेत चार उभे आणि एकच बसलेला.

"बाकी रांगाही अशाच आहेत, म्हणून दोन्हीकडची एकेकच रांग पाहू," मॅडम म्हणाल्या. "येणाऱ्या चोवीसास न येणारे सोळा, म्हणजे तीनास दोन. आठास दोन म्हणजे चारास एक. पाच पोरांतली जास्त कुणाची येतात?"

"पन चोवीस ते चोवीसच ना!" नानाजी हटेनात. मॅडमची कुठे तरी लबाडी असणार, म्हणून ते एकेक रांग तपासत निघाले. तीन उभे, दोन बसलेले. पुढे तेच. चौथ्या रांगेशी मात्र त्यांचे पाय अडखळले. बसलेल्यांत त्यांचा सख्खा नातू पियुष होता.

"तू काऊन बसला बे?"

"आबाजी, तुमीच त मले कापूस वेचाले नेता!"

मैदानात असा हशा पिकला की शेळ्या बुजल्या. नानाजींची मिशी खाली आली. पण माणूस दिलाचा मोठा. उरलेल्या रांगा त्यांनी पाहिल्याच नाहीत. वळून बुधरीकडे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झेंडा गुड्याचा!"

दीपाली जागच्या जागी उड्या मारू लागली. बुधरीला एकदम रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

सव्वीस जानेवारीला फेरी गुड्यातून निघायची होती, म्हणजे मोठ्या वस्तीला आधी डोंगर चढणं आलं. जन्मात पहिल्यांदाच बुधरी खाली न जाता वर उभी राहून वाट बघत होती. अंगण सारवलेलं, दीपालीच्या हातात झेंडा, शेजारी गुड्याची बाकीची नऊही पोरं. मोठ्या वस्तीची पोरं धापा टाकत वर पोचली आणि अंगणात टेकली. सगळ्यांच्या मागून पियुषचा हात धरून नानाजी आले आणि धपकन दगडावर बसले.

"बुधरीबाई," त्यांनी श्वास घेत विचारलं, "येवढं तुमी रोज उतरून, चढून राह्यल्या?"

"रोज, भाऊ."

नानाजींनी पियुषकडे पाहिलं. "आमचं घर त शाळेच्या भिताडाले लागून हाय," ते हळूच म्हणाले. "उद्यापासून हा उभा राहीन."

"मंग झेंडा टिकवाले आमाले बी दहाच्या दहा आनावे लागतीन," बुधरी म्हणाली, आणि तिनं तीच रोजची खणखणीत हाक दिली. सगळी पोरं एका दमात उठली आणि दीपालीच्या मागे उतरणीला लागली.