तबकडीवर आईचं नाव

माझ्या सुनेची गाण्यांची पहिली तबकडी निघाली, त्याला आता वर्ष होईल. सून जपानी आहे. इथं जर्मनीत, कार्ल्सरूहेला शिकायला आली, माझा मुलगाही इथंच शिकत होता. इथंच जमलं आणि इथंच राहिले. आठवडाभर ती ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते आणि शनिवारी गिटार घेऊन एका जुन्या बंकरमध्ये जाते. लढाईच्या वेळचा बंकर, भिंती हातभर जाड, त्यामुळे वाजवणाऱ्यांना खोल्या भाड्यानं देतात. ती गाते-वाजवते त्याला रॉक म्हणतात. शब्द तिचे, चाल तिची, भाषा जपानी. मागं दोन जर्मन पोरं वाजवतात.

मी चौथी शिकलो आणि तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवली. बायको गेल्यावर मुलानं इकडं आणलं. जर्मन मी शिकलो नाही, शिकणारही नाही. तेव्हा माझ्याशी बोलायला सूनच मराठी शिकली, आणि शिकली ती माझीच मराठी. पुण्याच्या पाहुण्यांना ती ऐकून जरा धक्का बसतो.

लग्न मात्र मी गावी लावलं होतं. नवरीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आमची रीत. मुलगा म्हणाला, "आबा, आता कोणी बदलत नाही." मी म्हणालो, "आपल्यात बदलतात." आणि नाव सांगितलं ते माझ्या आईचं.

पुढं अडचण अशी झाली की आईच्या नावानं सुनेला हाक मारायची कशी? 'चहा टाक' म्हणायचं तरी जीभ अडायची, रागावणं तर लांबच. म्हणून मी सूनबाई म्हणत आलो. मुलगा तिला तिच्या मूळच्या नावानं हाक मारायचा. ताटात लिहिलेलं नाव ताटातच राहिलं.

तबकडीचं कव्हर छापायला जायच्या आदल्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसली. मी शेंगा सोलत होतो.

"आबा, कव्हरवर नाव लागतं. तुम्ही दिलेलं टाकू?"

"तुझ्या नावाला काय झालं?"

"त्या नावानं माझे वडील हाक मारतात. ऑफिसात बॉस मारतो. त्या नावानं मला ओरडता येत नाही."

"आणि माझ्या आईच्या नावानं ओरडणार?"

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे बरोबर. माझ्या मराठीत ती तेवढं जर्मन घालते.

"तसल्या दणदणाटासाठी दिलं नव्हतं ते."

"मग कशासाठी दिलं? घरात कोणी घेत नाही. तुम्ही नाही, हा नाही. नुसतं पडून आहे."

मुलगा दारात उभा होता. "अगं, दुसरं शोधू की एखादं," तो म्हणाला.

"तू गप," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मग ती म्हणाली, "तुम्ही ते मला दिलं होतं, का माझ्याकडं नुसतं ठेवायला दिलं होतं? नाही म्हणालात तर नाही टाकणार. पण माझंपण टाकणार नाही. बिननावाची निघेल."

कधीपासूनची गाणी तिनं जमवली होती, बंकरातली थंडी खाल्ली होती, ते मी बघितलं होतं. बिननावाची काढली असती तिनं. हट्टाला ती माझ्यापेक्षा कमी नाही.

"आधी ऐकव," मी म्हणालो.

तिनं सगळी ऐकवली. गिरणीचा पट्टा घसरायला लागला की जसा आवाज येतो तशातली चार-पाच होती. एक हळू होतं. मला त्यातलं काहीच आवडलं नाही, आजही आवडत नाही, आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते विचारलंच नव्हतं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो तेव्हा मी त्यावर विचार केला. माझ्या आईलाही ते नाव लग्नातच दिलेलं. वडील तिला 'अगं ए' म्हणायचे. आळी तिला माझ्या थोरल्या भावाची आई म्हणायची. शाळेत मास्तरांनी आईचं नाव विचारलं तेव्हा मला सांगता आलं नव्हतं, घरी येऊन आत्याला विचारावं लागलं होतं. म्हणजे तिच्याकडंही ते पडूनच होतं.

घरी आलो आणि सूनबाईला म्हणालो, "टाक. पण पुरं टाक. तुझं, नवऱ्याचं आणि आडनाव."

"नवऱ्याचं कशाला? तो काय वाजवतो?"

"मग आडनाव?"

"ते तुमचं. तुम्हीच वापरा."

मुलगा हसला. मी हसलो नाही. "दुसरी तबकडी निघाली तर हेच नाव राहील," मी म्हणालो. "दर खेपेला बदलायचं नाही." तिनं मान डोलावली.

तबकडी आली तेव्हा शहरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात शनिवारी दुपारी तिचं गाणं ठेवलं होतं. खोकी भिंतीला सरकवून जागा केली होती. पन्नास-साठ माणसं असतील, बहुतेक पोरं-पोरीच. मला कुणीतरी स्टूल दिलं. पहिलं गाणं संपलं तशी पुढच्या एका उंच पोरीनं तोंडाशी हात धरून आईचं नाव घेऊन आरोळी दिली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. सूनबाईनं मान वर करून ओ दिली.

नाव कुणालाच धड घेता येत नव्हतं. माझ्याशेजारी एक दाढीवाला उभा होता, तो तर मधलं अक्षर पार गिळत होता. मी त्याच्या बाहीला धरलं आणि नीट म्हणून दाखवलं. त्यानं पुन्हा चुकीचंच म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. एवढ्यात दुसरं गाणं सुरू झालं, तेव्हा त्याच्या कानाशी तोंड नेऊन मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं.