दिनकररावांच्या दिल्लीतल्या ओळखी

दिनकरराव रणपिसे यांनी हयातीत कधी नर्मदा ओलांडली नाही. कराडला पोस्टमास्तर होते, तिथेच निवृत्त झाले आणि तिथेच गेले, तेही दिल्लीच्या द्वारकेत इमारतींच्या जागी शेतं होती त्या काळात. पण आज द्वारकेतल्या एका तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या वर, चंदनाचा हार घातलेला त्यांचा फोटो आहे. आणि त्या फोटोला दिल्लीत जेवढे जिवलग मिळाले, तेवढे खुद्द दिनकररावांना आख्ख्या कराडात मिळाले नव्हते. मुळात माणूस तिरसट होता.

ह्या ओळखी झाल्या त्यांच्या सुनेच्या कृपेने. सून म्हणजे सुनीती. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेली बाई, नाकावर माशी बसू देणार नाही, आणि बसलीच तर कोणाच्या परवानगीने बसली ते विचारणार. नवरा अविनाश रेल्वेच्या हिशेब खात्यातला. बायकोचा संताप ही आपल्याला मिळालेली फुकटची करमणूक आहे असं मानून तो सुखाने जगत होता.

सुनीतीचा जीव दोन गोष्टींत. एक, घरापुढची बाग. जाळीच्या कुंपणात कढीपत्ता, अळू, गवती चहा, सोनटक्का, जास्वंद. दिल्लीच्या उन्हाळ्यात अळू जगवणं म्हणजे चेष्टा नव्हे. द्वारकेतल्या निम्म्या मराठी घरांतल्या फोडणीला तिच्या दारचा कढीपत्ता पडायचा आणि थोडा मेट्रोने कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातल्या ओळखीच्या लोकांकडेही जायचा. दुसरी गोष्ट, मतदान. मतदानाच्या दिवशी ती सकाळी न्हाऊन इरकल नेसायची, शिरा करायची आणि अविनाशला दाढी करायला लावून बूथवर घेऊन जायची. सणच तो!

तो सण पुढाऱ्यांनी बुडवला. एक पार्षद, म्हणजे तिथला नगरसेवक, तिच्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन, पाया पडून, समोरचा उघडा नाला महिन्यात झाकून देतो म्हणाला आणि मग थेट दिवाळीच्या शुभेच्छांच्या फलकावर हात जोडलेला दिसला. त्याच्यानंतरच्याने लाडू खाल्ले, पायाही पडला, आणि अगदी तशीच तोंडाला पानं पुसली. तेव्हा सुनीतीने कानाला खडा लावला. पुढच्या दोन निवडणुकांना ती घरच्याच साडीवर गेली, 'नोटा'चं बटण दाबलं आणि घरी येऊन न बोलता भांडी घासत बसली. शिरा नाही, काही नाही. तिला मनातून फार वाईट वाटायचं. आपलं मत द्यावं असं एक माणूस ह्या एवढ्या मोठ्या शहरात नसावं?

मग गेल्या निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीची थंडी आली, आणि एका सकाळी जाड सोनसाखळीवाला एक उमेदवार दहा माणसं घेऊन घरात शिरला. शिरला तो थेट फोटोपुढे हात जोडून उभा राहिला.

"आंटीजी, अंकलजी के जाने का सुनकर बहुत दुख हुआ. मैं खुद श्मशान तक आया था."

दिनकररावांचं आणि अविनाशचं नाक एकच. तो गल्लत करून बसला होता. इतक्यात आतून अविनाश परात घेऊन बाहेर आला.

"अगं, मटार सोलून झाले."

सुनीती गोड हसून म्हणाली, "ये अंकलजी हैं."

उमेदवाराने पापणीसुद्धा हलू दिली नाही. "अरे, मेरा मतलब बाबूजी! बाबूजी तो रोज़ सुबह पार्क में मिलते थे. क्या इंसान थे!"

माणसं गेल्यावर नवरा-बायको पोट धरून हसले. आणि हसता हसता सुनीतीच्या डोक्यात काहीतरी चमकलं. अहवाल नकोत, जाहीरनामे नकोत. घरात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला फोटो दाखवायचा आणि एवढंच विचारायचं, "इनको तो आप जानते होंगे?"

सगळे ओळखत होते. सगळ्या पक्षांचे. एक म्हणाला, बाबूजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. "डोक्यावर?" अविनाश दार लावून म्हणाला. "बाबांचा हात आमच्या पाठीतच पडायचा." शुभ्र जाकिटातला एक हसरा तरुण तर गहिवरलाच. "आंटीजी, मुझे राजनीति में बाबूजी ही लाए." त्यावर मात्र अविनाशला खरोखर वाईट वाटलं. "मला साधी सायकल घेऊन दिली नाही गं, आणि ह्याला राजकारणात आणलं!"

थट्टा चालू होती, पण एकेक जण गेला की सुनीती हळूच सुस्कारा सोडायची. ह्याही खेपेला घरच्याच साडीवर जावं लागणार, असं तिला दिसत होतं.

कमलेश दहिया आली ती सर्वांत शेवटी. चाळिशीची, ट्रॅकसूट घातलेली, गळ्यात शिट्टी. जवळच्याच गावातली, शाळेत खेळ शिकवणारी, अपक्ष, आणि निवडणूक चिन्हही शिट्टीच. बरोबर दोन बायका. बूट दाराबाहेर काढून ती आत आली. सुनीतीने कंटाळून फोटोकडे बोट दाखवलं.

"इनको तो आप जानती होंगी?"

कमलेश फोटोजवळ गेली. नीट निरखून पाहिलं. "ना जी. कौन हैं?"

"फिर देखिए. बाकी सबको याद हैं."

"याद तो तब हों जब कभी मिली हूं."

आतल्या खोलीत अविनाशच्या हातातला पेपर खाली पडला.  सुनीती उठली आणि लाडवांचा डबाच घेऊन आली. कमलेशने एक खाल्ला आणि म्हणाली, "अच्छा है आंटीजी, मीठा थोड़ा ज़्यादा है." सुनीतीच्या लाडवाला आजवर असं कोणी बोललं नव्हतं. पण त्या क्षणी तिला तेही आवडलं!

"जीत गईं तो पहला काम क्या करेंगी?"

"गली खुलवाऊंगी. नीचे वालों ने सबकी ज़मीन घेर रखी है. एम्बुलेंस अंदर नहीं आती."

"बिल्कुल!" सुनीती तावातावाने म्हणाली. "लोगों को शरम नहीं है."

"जी," कमलेश शांतपणे म्हणाली. "आपके बगीचे की बाड़ भी उसी में है, आंटीजी. पूरी की पूरी."

 लाडवांच्या डब्याचं झाकण सुनीतीने जरा जोरातच लावलं.

गोष्ट खरी होती. घरापुढची ती जागा रणपिस्यांची नव्हती, सगळ्या इमारतीची होती. ही मंडळी राहायला आली तेव्हा शेजारच्यांनी आधीच जाळ्या लावल्या होत्या, म्हणून ह्यांनीही लावली. जिने नोकरीत अतिक्रमणांवर कडक शेरे मारले, तिला आपण काही बळकावलंय असं इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. आपली ती बाग, अतिक्रमण दुसऱ्यांचं.

कमलेश गेल्यावर सुनीती दिवसभर धुमसत होती. "ह्याला खरं बोलणं म्हणतात? उद्धटपणा आहे नुसता. लोकांच्या घरी येऊन, लाडू खाऊन!"

"तुला खरा माणूस हवा होता," अविनाश म्हणाला. "मिळाला. आता माल परत घेत नाहीत."

"तुम्ही गप्प बसा हो."

पण तिला आठवायचं ते आठवलंच. मागच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या मिसेस भसीनना चक्कर आली होती. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडली आणि चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिथवर नेलं. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून सरकारच्या नावाने बोटं मोडत जाणारी बाई सुनीतीच होती. मिसेस भसीन वाचल्या, आता टुणटुणीत आहेत. तरीही तो प्रसंग आठवून सुनीतीला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी शुभ्र जाकिटवाला पुन्हा आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"सुना है कोई आपकी बगिया उजाड़ने की बात कर रही है. आंटीजी, मेरे होते हुए एक पत्ता नहीं हिलेगा."

काय बरं वाटलं सुनीतीला! मनावरचं ओझंच उतरलं. किती समंजस मुलगा, उगाच आपण ह्याला नावं ठेवली. ती लगबगीने आत गेली, ताटलीत लाडू मांडले आणि बाहेर आली, तर तो फोटोपुढे हात जोडून, डोळे मिटून उभा.

"बाबूजी के हाथ की लगाई बगिया है, कोई कैसे छू लेगा!"

सुनीती ताटली घेऊन तशीच थबकली. मग तिला हसू फुटलं, आणि फुटलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सोफ्यावर बसून ती हसली. हा थापा मारतोय हे ठाऊक असून ती विरघळली होती, कारण ह्या खेपेची थाप तिच्या सोयीची होती. परीक्षा ती लोकांची घेत होती आणि नापास व्हायची पाळी तिच्यावरच आली होती! जाकिटवालाही कशाला ते न कळून मोठ्याने हसला. लाडवांची ताटली मात्र आली तशी स्वयंपाकघरात परत गेली.

मतदानाच्या आदल्या सकाळी सुनीती पक्कड घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

"अगं, ती निवडून येते का ते तरी बघ," अविनाश म्हणाला.

"ती येवो नाहीतर न येवो. तार धरा तुम्ही."

ओळखीपाळखीच्यांना फोन गेले आणि उन्हं वर येईतो सेक्टर-सेक्टरांतून माणसं कुंड्या, बादल्या, पोती घेऊन हजर झाली. अळू एकाकडे गेलं, सोनटक्का दुसऱ्याकडे, गवती चहाचा ठोंब मिसेस भसीननी आपल्या बाल्कनीत नेला. कढीपत्ता भिंतीला लागूनच होता, कोणाच्या वाटेत येत नव्हता, तो तेवढा राहिला. सुनीतीने पातेलंभर पोहे केले. एखाद्या साखरपुड्याला व्हावा तसा गलका झाला. गल्लीच्या तोंडाकडच्या बाजूचे गुप्ताजी आधी हसले, मग पोहे खाल्ले, आणि दुपारी त्यांनीही आपली जाळी काढायला घेतली. पलीकडच्या, गल्लीच्या आतल्या अंगाच्यांनी मात्र दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. असतात अशी माणसं.

संध्याकाळी मोकळी जागा बघून सुनीतीला थोडं रडू आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इरकल काढली. शिऱ्याचा वास जिन्यातून थेट वर गेला. अविनाश न सांगता दाढी करून तयार होता. मत देऊन बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट तिने उगाचच दोनतीनदा उन्हात धरून पाहिलं. कितीतरी वर्षांनी तिला हलकं हलकं वाटत होतं.

कमलेश पडली. तिसरी आली. निवडून आला शुभ्र जाकिटवाला.

"बाबांचा उमेदवार आला," अविनाश फोटोकडे बघून म्हणाला, आणि सुनीतीने त्याच्या अंगावर उशी फेकली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाहेर गाडीचा आवाज आला. कमलेश शाळेच्या व्हॅनमधून आभार मानत फिरत होती, आणि व्हॅन कुठेही न अडता थेट रणपिस्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती. कमलेश खाली उतरली आणि मोकळ्या जागेकडे बघतच राहिली.

"आंटीजी, मैं तो हार गई. फिर ये?"

"आपके जीतने के लिए थोड़े ही हटाई," सुनीती म्हणाली. "अंदर आइए."

बूट काढून कमलेश आत आली आणि फोटोपुढे उभी राहिली. "नमस्ते बाबूजी." मग मागे वळून म्हणाली, "कैसे आदमी थे ये?"

सुनीतीने अविनाशकडे पाहिलं. अविनाशने छताकडे पाहिलं. सुनेने सासऱ्यांबद्दल काय बोलावं याचे काही रिवाज असतात. पण त्या घरात आता खोटं बोलायची सोय राहिली नव्हती.

"एक नंबर के खडूस," सुनीती म्हणाली.

कमलेश खळखळून हसली, अविनाश तिच्याहून मोठ्याने हसला, आणि सुनीतीने लाडवांचा डबा पुढे केला.

"लीजिए. इस बार चीनी कम डाली है."