शिवम्मा आत्याची भीती

घराण्यात मुलगा झाला की शिवम्मा आत्या त्याला दोन्ही हातांत उचलून तोंडासमोर धरी आणि त्याच्या नजरेची वाट पाहत बसे. त्याने डोळ्याला डोळा दिला, तरच तिचा श्वास सुटे. “बघतंय बाबा, बघतंय!” बाळंतिणी तिला पाहून मूल पदराआड घेत. तिचा स्वतःचा मुलगा बसप्पा कधीच कोणाकडे पाहत नसे.

नळदुर्गातील तिच्या घराच्या उंबऱ्यावर तो बसलेला असे. दाढी फुटलेली, लांबोळा चेहरा, मोठे कान. हात फडफडवीत एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलणारा. लोक त्याला खुळा म्हणत आणि आत्याला पापीण. कोणत्या पुराव्यावर, हे मी त्या वेळीही विचारले होते. उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

निजामी अंमल संपत आला होता. दहशतीने माणसे सोलापूरकडे निघून जात होती. आत्याला मात्र एकच भीती होती: मुलगी गौरा उपवर झाली होती, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे बहिणीच्या मुलीवर भावाचा हक्क. माझे धाकटे काका तो मागायला आले.

“अक्का, तू सोता मामालाच दिलेली न्हाईस का?”

“दिलेली, व्हय. त्याचं फळ बघ, उंबऱ्यावर बसलंय. आनि एक पायजे का तुला?”

“माज्या तोंडावर दार लावतीस?”

“लावते. रक्ताला रक्त न्हाय मिळवायचं म्या.”

काकांनी तिच्या घरचे पाणी सोडले. आत्याने गौरा येडशीला, ज्यांच्याशी आमचे सात पिढ्यांत नाते नव्हते, अशा घरी दिली. वर्ष उलटून गौरेला मुलगा झाला. आत्या गेली, मूल समोर धरले. पोराने मान फिरवली. तिने दुसऱ्या अंगाने धरले; पुन्हा फिरवली. मूल गौरेच्या मांडीवर ठेवून ती परतली.

मूल चार वर्षांचे होऊनही बोलेना, तेव्हा सासरच्यांनी गौरेला माहेरी धाडण्याचे ठरवले. आत्या मला घेऊन तिथे पोचली. मी कायदा सांगू लागताच तिने मला गप्प केले आणि व्याह्यांपुढे पदर पसरला. “पोरीत खोट न्हाय, अन्ना. खोट माज्यात हाय. माजं तोंड बघू नगा, पन तिला ठिवा.”

त्यांनी ती अट अक्षरशः मान्य केली! गौरा राहिली. मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. पुढे गौरेला मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा आत्या अंथरुणाला खिळलेली होती. “पोरगी? सुटले रे बाबा,” म्हणाली, आणि बसप्पाच्या तोंडात साखर घातली. त्याच आठवड्यात ती निश्चिंत मनाने गेली.

पुढे मी बसप्पा आणि गौरेच्या मुलाबद्दल डॉक्टरांना पत्रांमागून पत्रे लिहिली. एकाने सविस्तर उत्तर दिले. नात्यातील लग्नाने काही व्याधी बळावतात, पण लक्षणे पाहता ही त्यांपैकी नसावी. ही आईकडून येते; आई स्वतः धडधाकट दिसते, आणि मुलापर्यंत दोष पोचेल की नाही, हे प्रत्येक खेपेस नव्याने ठरते. लग्न जवळ केले काय, दूर केले काय, त्याने फरक पडत नाही. वारसा हा अपराध नव्हे, हे मी आमच्या जातपंचांना लेखी कळवले आहे.

त्याच उत्तरात पुढे असे होते की मुलीही हा दोष घेऊन जन्मू शकतात. त्यांच्यात तो बहुधा दिसत नाही, इतकेच.

गौरेची ती मुलगी आता सात महिन्यांची गरोदर आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिला हे कोणी सांगितलेले नाही. मी उद्या सकाळी येडशीला निघालो आहे.