मिठागरातला अभिप्राय

ठाण्याच्या आमच्या साप्ताहिकात एक मास्तर पुस्तकांवर अभिप्राय लिहीत. दर मंगळवारी पाचला ते छत्री टेकत जिना चढत आणि कागद हाती देण्याआधी तीनदा वाचून पाहत. शाळेत ते अजून कायम झाले नव्हते.

एकदा मिठागरातल्या मजुरांवरचा कवितासंग्रह त्यांच्याकडे दिला. कवी त्यांच्याच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते. मास्तरांनी त्या कविता खाडीकाठी जाऊन मजुरांना वाचून दाखवल्या आणि एका म्हाताऱ्याचे उत्तर अभिप्रायात तसेच घातले : ‘मिठानं आमचं पाय फाटतान, मास्तर. तुमचा कवी चपला काढून आलाच नाय.’

“हे छापलं तर तुम्हांला कायम करतील?” मी विचारले.

“नाही करणार. काढा ते.”

मी त्या वाक्यावर रेघ मारली. दारापर्यंत गेलेले मास्तर परत आले.

“मग खालचं माझं नावही काढा. उरलेलं कुणीही लिहील.”

“की दोन्ही ठेवू?”

त्यांनी खोडलेले वाक्य तीनदा वाचून पाहिले. “ठेवा,” म्हणाले.

शनिवारी अंक निघाला. मंगळवारी पाच वाजून गेले, तरी जिन्यावर छत्री वाजली नव्हती.