दोन म्हणू या ना, आजी?

अर्चना मॅडम पलंगाजवळ आल्या की आधी हात स्वच्छ करायच्या, मग स्टूल ओढून बसायच्या आणि पेशंटचा हात हातात घ्यायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, पोटची लेक आली. पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या भेटीत त्यांचा तिटकारा आला, तो अजून गेलेला नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आमच्या संभाजीनगरातल्या एका खासगी दवाखान्यात झालं. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर तिथं एक चाचणी चालू होती. औषधं दोन, कोणाला कोणतं मिळालं हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला. संमतीचा कागद मी पूर्ण वाचला. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं, आकडा चारच्या वर गेला की जादा औषध द्यायचं, आणि वाटेल तेव्हा चाचणीतून बाहेर पडता येईल. नियम स्वच्छ होते. आई म्हणाली, "चार लोकांच्या कामी येतंय तर येऊ दे." पेशंटला आकडा विचारण्याचं काम अर्चना मॅडमचं.

"कशा आहात आजी? आज चेहरा किती टवटवीत दिसतोय!"

"बरं हाय माय."

"मग दोन म्हणू या ना, आजी?"

"म्हण."

आई फर्दापूरकडची. तिकडं कोणी आस्थेनं विचारलं की 'बरं हाय' म्हणतात. अंगात ताप फणफणत असला तरी. विचारपूस करायला आलेल्या माणसापुढं कण्हणं म्हणजे त्याला रिकाम्या हातानं परत पाठवण्यासारखं. मॅडमनी पाठ फिरवली आणि आईनं पलंगाचा दांडा घट्ट धरला. पदर दातात होता.

"दुखतंय का?"

"जीव जातोय रं."

"मग दोन कशाला म्हणालीस?"

"म्या कुठं म्हणलं? तिनंच म्हणलं. एवढी गोड बोलती, तिच्या तोंडावर कसं रडू?"

मी वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात आहे. काट्याला अंगठा लावणारे दुकानदार मला नवे नाहीत, आणि गिऱ्हाइकाशी सगळ्यात गोड तेच बोलतात. मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही आकडा विचारत नाही, सुचवता."

"नातेवाइकांचा आकडा चालत नाही, काका. पेशंट सांगेल तोच." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दुसरं त्याहून आवडतं: "सगळ्यांनाच जादा औषध दिलं तर माझा निकाल गढूळ होतो."

"निकाल तुमचा. पाय तिचा आहे."

"चला, तुमच्यासमोर विचारते," त्या म्हणाल्या. आत येऊन, हात स्वच्छ करून, त्याच स्टुलावर बसल्या. त्यांचा हा नेम कधी चुकला नाही, एवढं मी मान्य करतो. "आजी, शून्य ते दहा. किती दुखतंय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि हसली. "तू म्हणशील तेवढं, माय."

मॅडमनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू खटला त्यांनी जिंकला.

मी ड्युटीवरच्या डॉक्टरला घेऊन आलो. त्या तरुण माणसानं आकडा विचारलाच नाही. म्हणाला, "आजी, पाय जरा वाकवा बघू." आईनं टाच चादरीवरून थोडी सरकवली आणि अशी ओरडली की शेजारचा पेशंट उठून बसला.

"यांना जादा औषध का दिलं नाही?"

"आकडा दोन होता, सर," अर्चना मॅडम म्हणाल्या. आवाज तितकाच गोड.

इंजेक्शन दिल्यावर आईची दांड्यावरची बोटं हळूहळू सुटली. तिथंच मी सांगितलं, आम्ही चाचणीतून बाहेर पडतोय, आणि तो दोनचा आकडाही खोटा आहे असं लिहून घ्या.

"असं लिहिता येत नाही. झालेली नोंद तशीच राहते." मग पहिल्यांदाच मॅडमचा आवाज कोरडा झाला. "माझा इतका चांगला पेशंट तुम्ही घालवलात, काका." चांगला पेशंट म्हणजे न कण्हणारा, हे मला तेव्हा कळलं.

टाके काढायला गेलो तेव्हा त्या लिफ्टपाशी भेटल्या. रागाचा मागमूस नाही. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कशा आहात आजी? बरं ना?"

आई थांबली. काठीवर भार दिला. "आता बरं हाय. पण तवा लई दुखलं, माय. दहाच्या बी वर. तुला सांगायचं राहिलं."

मी मॅडमच्या चेहऱ्याकडं पाहत राहिलो. तिथं काहीतरी हलेल असं मला वाटलं होतं. त्यांनी आईचा हात थोपटला.

"जाऊ द्या आजी, आता काय त्याचं! तुमची नोंद बंद झाली." लिफ्ट आली, त्या आत गेल्या.

तो दोन अजून त्यांच्या हिशेबात आहे. उद्या कुठल्या तरी औषधाच्या बाजूनं तो उभा राहील, आणि ते औषध कुणाच्या तरी आईला देतील.

 रिक्षा छावणीपाशी आल्यावर आई म्हणाली, "पोरगी गोड हाय रं. पण तिला ऐकूच येत नाय."